मुक्कामी गाडी आणि थंडीतले इंजिन

रस्त्यांचा आणि वाहनांचा इतिहास लिहिताना आपण सहसा तारखांपासून आरंभ करतो. अमुक साली सडक झाली, तमुक साली पूल बांधला, अमक्या दिवशी पहिली मोटार गावात आली आणि लोकांनी तिला नारळ फोडला. हे सारे दप्तरात नोंदलेले असते. परंतु गाडी धावण्यापूर्वीचा अर्धा तास कोणत्याही दप्तरात सापडत नाही. पहाटेची वेळ, टपावर दव, काचेवर धुके आणि रात्रभर उघड्यावर उभे राहून गारठलेले इंजिन. त्याला जागे करण्याची खटपट चाललेली असते आणि बाजूला शाली, घोंगड्या गुंडाळून चार-दोन उतारू उभे असतात. तो अर्धा तास या लेखाचा विषय आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु आमच्या सीमाभागात कितीतरी कामे या अर्ध्या तासावर अवलंबून असत. तालुक्याच्या शाळेची पहिली घंटा, नांदेडच्या कोर्टातली तारीख, हैदराबादच्या दवाखान्यातला नंबर, हे सारे पहिली गाडी वेळेवर सुटली तरच साधत असे. मी व्यवसायाने शिक्षक असल्याने मला त्यात हजेरीपटाची बाजू अधिक दिसते. डिसेंबर-जानेवारीत पहिल्या तासाला कोणत्या गावची मुले उशिरा येणार, हे त्या गावची गाडी कशी चालू होते यावर ठरे.

मुळात थंड इंजिन चालू का होत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. चूल पेटवायला जशी आधी काडी लागते, तशी इंजिनालाही पहिली ऊब लागते. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते खरी, पण गारठ्यात पेट्रोलची वाफच नीट होत नाही, आणि वाफ झाल्याखेरीज ते भडकत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर ‘चोक’ ओढून हवा कमी आणि पेट्रोल जास्त घेत. डिझेलच्या इंजिनाची गोष्ट निराळी. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, त्यात ठिणगी मुळी नव्हतीच. सिलिंडरमधली हवा पंधरा-वीस पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा पडताच ते आपोआप पेटते. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक गरम होते, तेच तत्त्व. पण सिलिंडरच्या भिंती गार असल्या तर दाबलेल्या हवेची ऊब त्या भिंतीच पिऊन टाकतात. शिवाय थंडीत वंगणाचे तेल काकवीसारखे घट्ट होते, त्यामुळे इंजिन जड फिरते, आणि जड फिरले की हवा पुरेशा वेगाने दाबली जात नाही. त्यात बॅटरीची ताकदही थंडीत घटते. शून्याखाली अठरा अंशांना शिशाच्या बॅटरीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे ज्या वेळी जोर जास्त हवा, नेमका त्याच वेळी तो कमी मिळतो. थंड इंजिनाचे सारे दुखणे या एका वाक्यात आले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. हैदराबाद संस्थानात सार्वजनिक बसची सुरुवात जून १९३२ मध्ये झाली. विशेष म्हणजे ही बससेवा रेल्वेच्या पोटात जन्मली. निजामाच्या सरकारने १९३० मध्ये रेल्वे आपल्या ताब्यात घेतली होती, आणि त्याच रेल्वेचे एक खाते म्हणून रस्ता-वाहतूक सुरू झाली. आरंभी गाड्या होत्या २७ आणि माणसे १६६. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या बहुतेक भागांत त्या काळी मोटारसेवा खाजगी मालकांच्या हाती होती. मुंबई राज्याची एस.टी. पुणे-अहमदनगर मार्गावर धावली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे हैदराबादनंतर सोळा वर्षांनी. संस्थानी राजवटीविषयी आपल्या मनात कटू आठवणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. तरीही सरकारी बसच्या बाबतीत आपला मुलूख पुढे होता, ही नोंद इतिहासाने करायलाच हवी.

२७ गाड्यांना १६६ माणसे, म्हणजे एका गाडीमागे सहा. आजच्या हिशेबी माणसाला हा आकडा उधळपट्टीचा वाटेल. पण त्या काळची गाडी एकटा ड्रायव्हर आणि एकटा कंडक्टर मिळून चालवू शकत नव्हते. क्लीनर लागे, फिटर लागे, पंक्चरवाला लागे, आणि पहाटे गाडी चालू करायला मनगटात बळ असलेला माणूस लागे. त्या काळच्या गाड्यांपैकी एकोणीस आसनांची एक अल्बियन बस हैदराबादच्या बसभवनात जतन करून ठेवली आहे. अल्बियन ही स्कॉटलंडमधल्या ग्लासगोजवळची कंपनी. तिच्या गाड्यांवर उगवत्या सूर्याचे चित्र असे, आणि ‘सूर्योदयासारखी खात्रीची’ अशा अर्थाचे तिचे ब्रीद होते. स्कॉटलंडच्या बर्फाळ पहाटेत जन्मलेली गाडी दख्खनच्या पठारावर आली, तेव्हा इथली थंडी तिला किरकोळच वाटली असेल. याच जुन्या सेवेची आणखी एक खूण बरीच वर्षे राहिली. हैदराबादच्या सरकारी बसच्या क्रमांकातले ‘झेड’ हे अक्षर निजाम मीर उस्मान अली खान यांच्या मातोश्री झहरा बेगम यांच्या नावावरून आले, असे सांगतात.

या गाड्यांना हँडल मारावे लागे. पुढच्या बाजूने लोखंडी दांडा घालून इंजिन हाताने फिरवायचे. विजेवर चालणारा स्टार्टर अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केला आणि तो १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसविला गेला. पण बॅटरी रुसली की पुन्हा हँडलच. हँडल मारण्याचे शास्त्र होते. दांडा खालून वर ओढायचा, वरून खाली दाबायचा नाही. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांड्याला वेढा घालायचा नाही. कारण इंजिन उलटे फिरले तर दांडा झटका देतो आणि वेढा घातलेला अंगठा किंवा मनगट मोडते. हे कुठल्या पुस्तकातून कोणी शिकले नाही. उस्तादाने चेल्याला दाखवायचे आणि चेल्याने मोठे होऊन आपल्या चेल्याला दाखवायचे. आमच्या भागातल्या शेतकऱ्यालाही हे ज्ञान विहिरीवरच्या इंजिनामुळे होते. पौषातल्या थंडीत ते इंजिन ऐकेना झाले, म्हणजे त्यात किटलीभर गरम पाणी ओतायचे, हवा आत घेणाऱ्या नळीत वंगणाचे चार थेंब सोडायचे, दाब सोडणारी खिट्टी उचलून हँडल फिरवायचे आणि वेग आला की खिट्टी पाडायची. धुराचा पहिला काळा गोळा बाहेर पडला की सारे शिवार जागे होई.

या कामाची भाषा लक्षात घेण्यासारखी आहे. ‘हँडल’, ‘चोक’, ‘क्लीनर’ हे शब्द इंग्रजीतून आले. ‘उस्ताद’, ‘मिस्त्री’, ‘कारखाना’ हे उर्दूच्या वाटेने आले. आणि त्यांना क्रियापदे मराठी किंवा तेलुगू जोडली गेली. देगलूरचा मराठी क्लीनर, निजामाबादचा तेलुगू फिटर आणि हैदराबादचा दखनी बोलणारा उस्ताद एकाच इंजिनाभोवती उभे राहिले, की कोणाची भाषा कोणती हा प्रश्नच उरत नसे. आपल्या द्विभाषिक घरांत आजही मोटारीचे बोलणे निघाले की हीच भाषा बोलली जाते. सीमेच्या वादावर कैक ग्रंथ झाले. पण गॅरेजमध्ये तयार झालेल्या या भाषेचा कोश अजून कोणी केला नाही.

रात्री गाडी कुठे उभी राहते, यावरही पहाटेचे भवितव्य ठरे. हैदराबादेत गौलीगुड्याला विमानासाठी बांधलेले एक प्रचंड लोखंडी हँगर होते. त्याचा उपयोग बसडेपो म्हणून आणि पुढे बसस्थानक म्हणून झाला. जुन्या पिढीतल्या ज्या मराठी मंडळींनी हैदराबादेत शिक्षण घेतले किंवा नोकरी केली, त्यांना ती अर्धगोल छपराची वास्तू निश्चित आठवत असेल. ५ जुलै २०१८ रोजी ते हँगर कोसळले. अशा छपराखाली झोपलेल्या गाडीवर दव पडत नाही, आणि बाजूला फिटर हजर असतो. खुद्द हैदराबाद शहराची थंडीही बेताचीच. तिथल्या नीचांकी तापमानाची नोंद ६.१ अंशांची आहे, आणि तीही जानेवारी १९४६ मधली. खरी परीक्षा व्हायची ती शहरापासून दूर, छप्पर नसलेल्या गावात. आदिलाबादकडच्या जंगलपट्ट्यात तर काही वर्षी पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो.

डिझेलच्या गाड्यांचे दिवस आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर भरभराटीला आले. टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी १९५४ मध्ये करार केला आणि जमशेदपुरातून टाटा-मर्सिडीज गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या पहिल्या गाड्यांच्या इंजिनात थंडीवरचा एक उपाय जन्मतःच होता. प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी एक लहानशी तार, बॅटरीच्या विजेने ती लाल होते आणि आतली हवा शेकते. इंग्रजीत त्याला ‘ग्लो प्लग’ म्हणतात; आपल्या मिस्त्र्यांनी त्याचे सरळ ‘हीटर’ असे बारसे केले. ‘हीटर दे, मग सेल मार,’ ही आज्ञा ज्याने मिस्त्र्याच्या तोंडून ऐकली नाही असा क्लीनर विरळा. पुढे इंजिनाची रचना बदलली. सिलिंडरमध्ये थेट फवारा मारणारी इंजिने आली, ती तुलनेने लवकर पेटत, म्हणून आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या गाड्यांत हीटरची गरज उरली नाही. उपाय गेला, पण थंडी तिथेच राहिली. तिची भरपाई माणसांनी आपल्या युक्तीने केली.

याच सुमारास नकाशा बदलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. बीदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूर राज्यात गेले. तेलंगण आंध्रात गेला. तुकडेही सरळ रेषेत झाले नाहीत. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे निजामाबादकडे गेली, नांदेडचा मुधोळ आदिलाबादकडे गेला, तर आदिलाबादचा किनवट नांदेडकडे आला. गाड्या, डेपो आणि माणसे यांचीही वाटणी झाली. पलीकडे ११ जानेवारी १९५८ रोजी आंध्र प्रदेशचे महामंडळ स्थापन झाले. अलीकडे मराठवाड्याची एस.टी. १९६१ मध्ये महाराष्ट्राच्या महामंडळात सामील झाली. ज्या रेल्वेखात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांनी आरंभ केला, त्याचे वारस असे तीन राज्यांत विखुरले. रस्ते मात्र तेच होते, आणि पहाटेची थंडीही तीच होती.

या वारशात ‘मुक्कामी गाडी’चे स्थान मोठे आहे. संध्याकाळी शेवटची फेरी करून गाडी आडगावी जायची, रात्री तिथेच थांबायची आणि पहाटे तालुक्याला निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर चावडीत, देवळात किंवा गाडीतच झोपत. गावकरी त्यांना भाकरी देत, आणि बदल्यात गावाला एक घड्याळ मिळे. इंजिनाचा पहिला आवाज आला की बायका चूल पेटवीत, म्हातारी माणसे उठून बसत आणि शाळेची मुले पाटी-दप्तर शोधू लागत. गावात फिटर नाही, छप्पर नाही, दुसरी बॅटरी नाही. अशा ठिकाणी गाडी चालू होण्याची हमी कशी द्यायची?

पहिला उपाय म्हणजे उतार. अनुभवी ड्रायव्हर मुक्कामाच्या गावी गाडी नेहमी उतारावर, तोंड रस्त्याकडे करून उभी करी आणि चाकाखाली दगड लावी. पहाटे दगड काढायचा, गाडी घरंगळू द्यायची आणि वेग आला की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. चाके इंजिनाला फिरवितात, बॅटरीचे काम उतार करतो. ज्या गावात उतार नाही, तिथे धक्का. धक्का मारायला उतारू हवेत, आणि उतारू म्हणजे बहुतेक विद्यार्थी. आमच्या भागात हायस्कूल पाहिलेल्या दोन पिढ्यांना धक्क्याचा अनुभव आहे. दुसरा उपाय गरम पाण्याचा. ज्या घरी पहाटे बंब पेटे, त्या घरून एक घागर कढत पाणी रेडिएटरसाठी येई. आधी थोडे थंड पाणी नळाने सोडून द्यायचे आणि मग कढत पाणी हळूहळू ओतायचे, म्हणजे लोखंडाला एकदम चटका बसत नाही. तिसरा उपाय धोक्याचा. काही जण हवेच्या नळीपुढे चिंधीचा बोळा पेटवून धरीत, काही तेलाच्या टाकीखाली शेकोटी करीत. त्याने गाडी चालूही होई आणि पेटही घेई. आजच्या तरुणांनी हा उपाय वाचून सोडून द्यावा, अनुकरण करू नये.

या उपायांकडे नीट पाहिले तर त्यांत एक सूत्र दिसते. इंजिनाला बाहेरून थोडी ऊब किंवा थोडा वेग उसना द्यायचा, मग ते स्वतःची ऊब स्वतः निर्माण करते. जगात जिथे थंडी खरोखर जीवघेणी आहे, तिथे याच सूत्राचे यंत्र झाले. अमेरिकेच्या उत्तर डकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स नावाचे गाव आहे. तिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली तीस अंशांवर जाणे नवलाचे नाही. तिथले विद्युत अभियंते अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनाच्या डोक्यातला एक बोल्ट काढून त्या जागी विजेचा हीटर बसविण्याची कल्पना काढली, आणि १९४९ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. गाडी घरापुढे उभी करायची, तिच्या नाकातून बाहेर लोंबणारी वायर भिंतीतल्या विजेला जोडायची, आणि सकाळी इंजिन कोमट मिळे.

पुढे याच कल्पनेचे ‘ब्लॉक हीटर’ झाले. इंजिनाचा ठोकळा ओतताना वाळूचे साचे बाहेर काढण्यासाठी त्याला गोल भोके ठेवावी लागतात. ती नंतर पत्र्याच्या चकत्यांनी बुजवितात. हीटर बसविणारा कारागीर आधी इंजिनातले पाणी काढतो, एक चकती काढतो, भोक घासून स्वच्छ करतो आणि त्या जागी रबरी कड्यासह हीटर घट्ट बसवितो. हीटरची तार आतल्या पाण्यात बुडालेली राहते. मग पाणी भरून आत अडकलेली हवा काढून टाकायची, आणि वायर सायलेन्सरच्या नळीपासून व फिरत्या पट्ट्यापासून दूर बांधायची. पाणी भरण्यापूर्वी वीज लावली तर तार जळून जाते, म्हणून हा क्रम मोडायचा नाही. निघण्यापूर्वी दोन-चार तास वीज दिली तरी पुरते. आपल्या भागातून हैदराबादेत आणि तिथून कॅनडात गेलेल्या कितीतरी मुलांच्या घरी आज ही वायर आहे. मॅनिटोबातल्या वाहनतळावर गाड्यांच्या रांगेपुढे विजेच्या खुंट्या असतात, जणू बाजाराच्या दिवशी बैल बांधले आहेत. ज्यांच्या आजोबांनी मुक्कामी गाडीला बंबाचे पाणी दिले, त्यांच्या नातवांनी तेच काम विजेवर सोपविले आहे.

पण या विषयाचा हैदराबादशी सर्वांत मोठा संबंध वेगळाच आहे, आणि तो आपल्या लोकांना फारसा ठाऊक नाही. देगलूरहून हैदराबादला जाताना संगारेड्डी लागते. त्या परिसरात येद्दुमैलारम येथे लष्करी वाहनांचा कारखाना आहे. १९८४ मध्ये त्याची स्थापना झाली. मूळ रशियन बनावटीचे बी.एम.पी.-२ हे साखळीपट्ट्यांवर चालणारे चिलखती वाहन तिथे ‘सारथ’ नावाने तयार होऊ लागले. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगम या सरकारी कंपनीकडे गेला. तीन जणांचा चमू आणि सात जवान घेऊन जाणारे हे वाहन राजस्थानच्या वाळूत चालते आणि लडाखच्या बर्फातही. बर्फात ते सुरू व्हावे म्हणून त्याच्या इंजिनाला दोन सोयी आहेत. एक म्हणजे दाबलेली हवा. बॅटरीने हात टेकले तर हवेच्या दाबाने इंजिन फिरविता येते. दुसरी म्हणजे प्री-हीटर. त्याची रचना समजावून सांगायला आपल्या घरचा तांब्याचा बंब पुरेसा आहे. बंबात मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. इथेही तसेच. विस्तवाच्या जागी डिझेलची ज्योत, आणि भोवतीचे तापलेले पाणी पंपाने इंजिनात फिरविले जाते. सिलिंडर आणि वंगण दोन्ही शेकून झाले, की मग स्टार्टर.

या सोयी चैनीच्या नाहीत. हिवाळ्यात लेहच्या भागात पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली जातो, आणि सीमेवरच्या उंच ठाण्यांवर त्याहून कितीतरी खाली. १ नोव्हेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने झोजी ला खिंडीत स्टुअर्ट रणगाडे चढविले. सुमारे साडेअकरा हजार फुटांवर, बर्फात, जिथे रणगाडा येईल हे शत्रूच्या स्वप्नातही नव्हते. हैदराबादची पोलीस कारवाई संपून तेव्हा दीड महिनाच झाला होता. १९६२ मध्ये चुशूलला रणगाडे विमानातून उतरविले गेले. २०२० मध्ये पूर्व लडाखमध्ये चीनशी तणाव वाढला, तेव्हा रणगाडे आणि बी.एम.पी. हिवाळाभर तिथे सज्ज ठेवावे लागले. अशा ठिकाणी पहाटे इंजिन चालू झाले नाही, तर शाळेचा पहिला तास बुडत नाही. ठाणे जाऊ शकते. तिथे डिझेलसुद्धा गोठते. त्यातले मेण साकळून गाळणी बंद होते. म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी शून्याखाली ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले. तोवर तिथले ड्रायव्हर रॉकेल मिसळून वेळ भागवीत असत.

ज्या मुलखाने सहा अंशांखालची थंडी नीट पाहिलेली नाही, त्या मुलखातले कामगार उणे तिशीत चालू होणारे यंत्र जुळवितात. त्यांत तेलुगू आहेत, कन्नड आहेत, आपली मराठी मुलेही आहेत. इंजिन कोणत्या भाषेत घडले हे बर्फाला कळत नाही. ज्याने ते जुळविले, त्याचा हात नीट चालला होता की नाही, एवढेच त्याला कळते.

आता काळ पुन्हा बदलतो आहे. नव्या बसगाड्यांची इंजिने संगणकाच्या हुकमावर चालतात. फवारा किती आणि केव्हा सोडायचा हे तोच थंडी पाहून ठरवितो. वंगणेही अशी आली आहेत, की थंडीत पातळ राहतात आणि उन्हातही फार पातळ होत नाहीत. हैदराबादेत २०१९ पासून विजेच्या बस धावत आहेत. महाराष्ट्रात एस.टी.ची पहिली विजेची बस १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर याच जुन्या मार्गावर धावली. त्यांना हँडल नाही, हीटर नाही, धुराचा गोळा नाही. पण थंडीचे कोडे तिथेही सुटलेले नाही, कारण नव्या बॅटऱ्यांनाही गोठणाऱ्या थंडीत भरण्यापूर्वी ऊब द्यावी लागते. बंब काही सुटत नाही, त्याचे रूप तेवढे पालटते.

आमच्या भागातल्या काही गावांची मुक्कामी गाडी मात्र बंद झाली आहे. रस्ता चांगला झाला, जीप आल्या, मोटारसायकली आल्या, म्हणून ती कोणाला फारशी आठवत नाही. परंतु मोटारसायकल ज्याच्या घरी आहे, त्याचाच मुलगा तीवर बसून शाळेला येतो. मुलींचे शिक्षण मुक्कामी गाडीने जितके पुढे नेले, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने नेले असेल. ओळखीचा ड्रायव्हर, ओळखीचा कंडक्टर, पासाची सोय आणि ठरलेली वेळ, या भरवशावर आईबाप मुलीला तालुक्याला पाठवीत. गाडी गेली की आधी मुलीची शाळा जाते. माझ्या हजेरीपटात ही गोष्ट दिसते, आणि ती थंडीत अधिक दिसते.

म्हणून वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. दिवाळीला घरोघरी माणसे जमतात. अभ्यंगस्नानासाठी पहाटे पाणी तापते, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, आपल्या गावची मुक्कामी गाडी कुठे उभी राहत असे, चाकाखालचा दगड कोणी ठेवायचा, पाणी कोणाच्या घरून यायचे. ड्रायव्हर कुठल्या भाषेत बोलायचा, हेही विचारावे. उत्तरे वहीत उतरवून ठेवावीत, मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, ज्याला जी येईल त्या भाषेत. २७ गाड्या आणि १६६ माणसे हा आकडा दप्तरात राहिला. त्या माणसांच्या मनगटातले शास्त्र राहिले ते फक्त त्यांच्या नातवंडांच्या कानांत. ती माणसे फार राहिलेली नाहीत, आणि थंडीचे दिवस आता सुरू होत आहेत.